चुगलीची तार

बुद्धभूषण खिल्लारे विहिरीतल्या मोटारी काढायचा आणि सोडायचा. आखाडा बाळापूरला बाजाराच्या रस्त्यावर त्याचं पत्र्याचं दुकान होतं. दुकानापुढं तीन पायांचा लोखंडी घोडा, त्याला लटकलेली चेनकप्पी आणि उन्हापावसात पडलेली केबलची वेटोळी. पाण्याखाली जाणारा केबलचा सांधा, ज्याला सगळे जॉइंटच म्हणतात, तो बुद्धभूषणनं बांधला की पुन्हा बघायची गरज नाही, अशी त्याची ख्याती होती. कुणी तोंडावर तारीफ केली की तो मान खाली घालून हातातलं काम चालू ठेवायचा. गडी नम्र आहे, असं लोक समजायचे. नम्रपणाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

गोष्ट दोन हजार अकराच्या एप्रिलमधली. बुद्धभूषणच्या गावात, बाळापूरपासून सहा किलोमीटरवर, सोनाजी आणि संतराम या भावांची विहीर होती. मोटार जळली, आतली तार नव्यानं भरून आणली, आणि ती सोडायला बुद्धभूषणला बोलावलं. केळीनं माना टाकल्या होत्या. अकराला लाईट येणार होती आणि साडेदहा होऊन गेले होते. सोनाजी वरून घाई करत होता, "आवर बाबा, आज पानी न्हाई भेटलं तर केळी गेली."

जॉइंटवर टेप गुंडाळण्याआधी केबलचं वरचं आवरण पॉलिश पेपरनं खरवडावं लागतं, तेव्हाच टेप त्याला धरते. हे बुद्धभूषणला झोपेतसुद्धा ठाऊक होतं. त्या दिवशी त्यानं आवरण फडक्यानं नुसतं पुसलं, टेप गुंडाळली आणि मोटार सोडली. अकराला लाईट आली, पाणी धो धो पडलं, आणि संतरामनं स्वतःच्या हातानं त्याला चहा दिला.

सहा दिवस मोटार चालली. सातव्या दिवशी दुपारी लाईट गेलेली असताना संतराम मोटारीच्या जाळीला धरलेलं शेवाळ काढायला विहिरीत उतरला. छातीएवढं पाणी होतं. वर स्टार्टरचं ऑटो चालूच राहिलं होतं. लाईट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून सोनाजीनं ते आदल्या दिवशी लावलं होतं. लाईट आली. मोटारीची घरघर ऐकून सोनाजी बांधावरून धावत आला आणि ओरडला. खालून उत्तर आलं नाही.

पंचनामा झाला. ऑटो चालू होतं, लाईट आली, करंट लागून माणूस गेला, असं सगळ्यांनी सांगितलं. जॉइंटचं नाव कुणी घेतलं नाही. तेराव्यानंतर सोनाजीनं निरोप धाडला की ती मोटार काढून घेऊन जा, मला ती डोळ्यांपुढं नको. बुद्धभूषणनं ती काढली, दुकानात आणली आणि जॉइंट कापला. टेपेच्या आत पाणी होतं. तांबं हिरवं पडलं होतं.

त्यानं बायकोला सांगितलं. मिनानं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "कुनाला बोलू नका. त्यायचं गाव हाय आन् आपली चार घरं. गेलेला मानूस काय परत येनार हाय? साक्षीकडं बगा. सहा वर्साचं लेकरू हाय आपलं." तो गप्प राहिला, आणि पुढं तेरा वर्षं गप्पच राहिला.

पण त्याचे हात गप्प राहिले नाहीत. दुकानामागं एक कोरडी पडत चाललेली जुनी बोअर होती, तळाशी थोडं पाणी राहिलेली. बुद्धभूषण केबलचे तुकडे जोडायचा, दगड बांधून त्या बोअरमध्ये दोनशे फूट खाली सोडायचा, महिन्यानं वर काढायचा, करंटची गळती मोजायचं मेगर लावून तपासायचा आणि कापून बघायचा. टेप सोडून तो साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या रेझिनवर आला. तरी त्याचं समाधान होईना. कितीही चांगला जॉइंट असला तरी कधी ना कधी पाणी आत शिरणारच, आणि ते शिरतंय हे वरच्या माणसाला कळायला हवं, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. मग त्यानं जॉइंटच्या बाहेरच्या थरात केसासारखी एक उघडी तार गुंडाळायला सुरुवात केली. पाणी आत आलं की आधी या तारेला लागणार, तार वर स्टार्टरच्या पेटीतल्या, करंट तोडणाऱ्या छोट्या रिलेला कळवणार, आणि करंटच्या तारेपर्यंत पाणी पोचायच्या आत मोटार बंद. लाईट आली तरी ती सुरू व्हायची नाही.

त्यानं तिला चुगलीची तार म्हणायला सुरुवात केली. लोकांना नाव आवडलं, तार आवडली नाही. चार-सहा जणांनी बसवून घेतली. ऐन पाण्याच्या वेळी मोटार बंद पडली की ते शिव्या द्यायचे आणि तारेचं टोक तोडून मोटार सुरू करायचे. "तुजी तार लई चुगली करून राहिली," एकजण हसत म्हणाला. बुद्धभूषण त्याच्यावर असा ओरडला की तो माणूस पुन्हा दुकानात आला नाही.

दोन हजार तेवीसच्या दिवाळीनंतर समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेची माणसं इसापूर धरणावर आली. समुद्रात नांगरून ठेवायचा एक पिवळा तरंगता डबा त्यांना आधी शांत पाण्यात तपासायचा होता. डब्याखाली केबल, केबलवर दर पाच मीटरला पाण्याची उष्णता आणि दाब मोजणारं यंत्र, आणि तळाशी वजन. तिसरं यंत्र सारखं मुकं व्हायचं. सगळी माळ वर काढायला चेनकप्पीवाला माणूस हवा होता, म्हणून कुणीतरी बुद्धभूषणचं नाव सांगितलं.

संस्थेची इंजिनिअर पुनम म्हणून होती, तिशीतली, अलिबागकडची. बुद्धभूषणनं तराफ्यावर बसून तिसऱ्या यंत्राचा जॉइंट हातात घेतला, अंगठ्यानं दाबला आणि म्हणाला, "मॅडम, ह्याच्या आत पानी हाय."

"काका, हा परदेशी जॉइंट आहे. हजार मीटरपर्यंतची गॅरंटी आहे त्याला."

"असंल. पन पानी हाय."

कापून बघितलं तर पाणी निघालं. मग त्यानं आपला जॉइंट बांधून दिला, चुगलीच्या तारेसकट. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं तेव्हा डब्यापासून तळाच्या वजनापर्यंत बांधलेला दोर सैल पडून बुडालेल्या बाभळींत अडकायला लागला. बुद्धभूषणनं दोराला मधोमध दोन लहान तरंगते गोळे बांधले, म्हणजे सैल भाग तळाला न लागता पाण्यातच उचललेला राहील. पुनम हसली. "समुद्रात असंच करतात, काका. तुम्हाला कुणी सांगितलं?" त्याला बरं वाटलं. तेरा वर्षांत असं बरं वाटण्याची वेळ फारशी आली नव्हती.

दहा महिन्यांत त्याच्या जॉइंटमधून एक थेंब आत गेला नाही. पुनमनं ठरवलं की त्या तारेचं पेटंट मागायचं आणि अर्जात बुद्धभूषणचं नाव घालायचं. ती फॉर्म घेऊन दुकानात आली. साक्षी तेव्हा नांदेडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होती, सुट्टीला घरी आली होती. तिला तर काय करू आणि काय नको असं झालं. तीच पेन घेऊन बसली.

"बाबा, इथं लिहायचंय, ही गरज तुम्हाला कधी आणि कशावरून जाणवली. सांगा."

बुद्धभूषण केबलचं वेटोळं उलगडायला लागला.

"सांगा ना. काहून गप बसले?"

"लिही काहीबी," तो म्हणाला.

"काहीबी कसं लिहू? खरं लिहावं लागतं ह्याच्यात."

तो उठला आणि चपला घालून बाहेर गेला. मिनानं त्याला जाताना बघितलं. तो कुठं निघाला हे तिला कळलं असावं, कारण ती दारापर्यंत आली. पण तिनं अडवलं नाही.

संतरामची बायको चतुराबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिची मुलगी शिला माहेरपणाला आलेली, आत होती. बुद्धभूषण अंगणात उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही. उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगितलं: साडेदहाची वेळ, पॉलिश पेपर, फडकं, आणि दुकानात कापलेला जॉइंट. आवाज चढवला नाही, रडला नाही. त्याला वाटलं होतं, ती शिव्या देईल.

चतुराबाईचे हात थांबले. "म्हंजे त्यायची चुकी न्हवती?"

"न्हाई, वहिनी."

"तेरा वर्सं मी त्या मान्साला बोल लावला," ती म्हणाली. "लाईटीचं काम हाय, ऑटो बगून उतरायचं एवढी अक्कल न्हवती का, म्हनून. पोरीलाबी तेच सांगत आले. तुजा बाप बिनडोक होता, तू तशी वागू नको, म्हनून." तिनं शेंगा बाजूला सारल्या. "आन् तू रोज ह्या रस्त्यानं जात व्हतास. मला रामराम घालत व्हतास."

शिला दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "काकाला बोलवा."

सोनाजी आला. त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. ऐकता ऐकता तो ओट्याच्या कडेला खाली बसला. भाऊ गेल्यापासून त्यानं त्या विहिरीकडं पाऊल टाकलं नव्हतं. ते रान बटईनं दिलं होतं. ऑटो लावणारा हात आपला, म्हणून भावाला आपणच मारलं, हे तो मनात धरून बसला होता. भावजयीच्या नजरेला नजर देत नव्हता आणि तिच्या घरी जेवतही नव्हता.

"ऑटो मीच लावलं व्हतं," तो म्हणाला.

"व्हय," बुद्धभूषण म्हणाला. "पन जॉइंट बराबर असता तर ऑटोनं मानूस मेला नसता."

"मंग मला तवाच काहून न्हाई सांगितलं?" सोनाजी उठला. त्यानं बुद्धभूषणची गळपट्टी धरली. मारेल असं वाटलं, पण हात तसाच राहिला. "अर्ध तुजं व्हतं. तू सगळंच मला वाहू दिलं."

 आपलं गप्प राहणं आपल्यापुरतं आहे, त्याची तकलीफ आपणच सोसतोय, असं बुद्धभूषण इतकी वर्षं धरून चालला होता. त्या अंगणात त्याला कळलं की ती तकलीफ त्या घरानंही सोसली, त्याच्यापेक्षा जास्त सोसली. शिलानं काकाचा हात सोडवला आणि बुद्धभूषणला म्हणाली, "तुमी जा आता."

बातमी दोन दिवसांत बाळापूरपर्यंत गेली. कुणी दुकानावर दगड घेऊन आलं नाही, मिनाला वाटत होतं तसं काही झालं नाही. फक्त मोटारी यायच्या बंद झाल्या. वीस वर्षांची गिऱ्हाईकं समोरून जाताना पलीकडच्या बाजूला बघायला लागली. साक्षी चार दिवस बापाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिनं फॉर्म पुढं ओढला आणि त्यानं सांगितलं तसं, एकही शब्द न गाळता लिहून घेतलं. लिहिताना ती दोनदा थांबली, पण तिनं वर बघितलं नाही.

पुनमनं तो कागद दुकानात उभ्यानं वाचला. "काका, आमच्या वकिलांना हे नको असेल. शेतातल्या एका अपघातावरून, एवढंच ठेवूया?"

"अपघात म्हनून नका लिहू," तो म्हणाला. "बाकी तुमाला काय काटायचं ते काटा."

वकिलांनी पूर्ण परिच्छेदच काढून टाकला. अर्ज गेला. त्यात बुद्धभूषणचं नाव तिसरं होतं.

पुढच्या वर्षी ती माळ बंगालच्या उपसागरात सोडली. जहाजावर चला म्हणून पुनमनं त्याला बोलावलं होतं, तो गेला नाही. जुलैत तिचा फोन आला. एका जॉइंटच्या चुगलीच्या तारेनं खूण दिली होती, पाणी शिरलं होतं, पण पावसाळा संपेपर्यंत जहाज तिथं जाणार नव्हतं. ती पुन्हा पुन्हा सांगत होती की काळजीचं कारण नाही, तिथं पाण्यात कुणी उतरत नाही, फार तर एक यंत्र जाईल. बुद्धभूषण हो हो म्हणत राहिला. ते चार महिने त्याला अन्न गोड लागलं नाही. मिना विचारायची, "समुद्रातलं काहून मनाला लावून घेता?" 

नोव्हेंबरात माळ वर काढली. मासेमारीच्या जाळ्यानं केबल ओढली जाऊन जॉइंटचं आवरण फाटलं होतं. आतला सांधा शाबूत होता, आणि तारेनं वेळेवर सांगितल्यामुळं वरून करंट बंद करता आला होता, बाकीची माळ वाचली होती. पुनमनं फोटो पाठवले. साक्षीनं ते मोठे करून बापाला दाखवले. त्यानं प्रत्येक फोटो नीट बघितला आणि फोन परत दिला. तिनं विचारलं, "बरं वाटलं ना, बाबा?" तो म्हणाला, "जाळं कुनाच्या नावेचं व्हतं, त्यायला काही झालं का, हे विचार."

चतुराबाईनं त्याला पुन्हा अंगणात येऊ दिलं नाही. सोनाजी आता भावजयीकडं जेवायला जातो, असं ऐकू येतं.

बुद्धभूषणनं बाळापूरचं दुकान अर्धं बंद ठेवलं आहे. चेनकप्पी घेऊन तो जवळा बाजारकडं जातो, औंढ्याच्या पुढं जातो, जिथं त्याला फारसं कुणी ओळखत नाही. मोटार सोडायच्या आधी तो शेतकऱ्याला विहिरीच्या काठावर उभं करतो आणि सांगतो, "माज्या हातच्या जॉइंटानं एक मानूस मेलेला हाय. तेरा वर्सं मी ते कुनाला बोललो न्हाई. हे ऐकून काम द्यायचं तर द्या." काही जण त्याला तिथूनच परत लावतात. काही जण विहिरीत एकदा वाकून बघतात आणि म्हणतात, "सोड." तेव्हा तो खाली बसतो, पॉलिश पेपर काढतो आणि केबल खरवडायला लागतो. कुणी कितीही घाई केली तरी तो ऐकत नाही.