नरसय्यामामांची दहा गाणी

नरसय्यामामा गाणं कानानं कमी आणि तळपायानं जास्त ऐकायचे. चालू यंत्रमागासमोर चप्पल काढून उभे राहायचे, फळीवरच्या टेपमध्ये जुन्या बाजारातून आणलेली इंग्रजी रॉकची कॅसेट सरकवायचे आणि ड्रमचा ठोका मागाच्या ठोक्याशी जुळतोय का ते बघायचे. जुळला तर गाणं पास. कॅसेटवर खडूची रेघ.

"मामा, एखादं भजन लावा की," कुणी टोमणा मारला तर म्हणायचे, "ह्या खडखडाटात भजन देवालाबी ऐकू येत न्हाय. हे येतंय बग."

मी तेव्हा बी.ए.ला होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. आई विड्या वळायची. मी सकाळी कॉलेज करून दुपारी मामांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायचो. शेकडो गाण्यांतून दहा निवडायला मामांना दोन वर्षं लागली. एकदा मी एका गाण्यातले शब्द किती सुंदर आहेत ते ओरडून सांगू लागलो.

"शब्द तुला ठेव, बी.ए.," ते म्हणाले. "सूत तुटलं की माग अडखळतो का न्हाय? गाणंबी तसंच. कुटं तुटतंय ते बग."

आजही मी गाणं असंच ऐकतो.

गेल्या वर्षी कॉलेजनं मला माजी विद्यार्थी म्हणून बोलावलं. आवडती दहा रॉक गाणी निवडायची, वाजवायची, त्यांच्यावर बोलायचं. मी मामांचीच दहा नेली, त्यांच्याच क्रमानं. निवेदिकेनं विचारलं, "सर, सोलापुरात तुमचा हा कान कुणी तयार केला?"

समोर इंग्रजीचे प्राध्यापक बसले होते. माझ्या तोंडून निघालं, "कुणी नाही. वाचत गेलो, शोधत गेलो."

तिसऱ्या रांगेत आईशेजारी मामा होते. मीच बोलावलेले. चप्पल काढून, पाय फरशीला टेकवून बसलेले.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी माझा हात धरला. चाळीस वर्षं मागावर काढून कान पार गेलेत त्यांचे. "गाणी समदी पायाला कळली रे, दहाच्या दहा! तू बोललास ते तेवढं न्हाय आलं ऐकू. माझं नाव घेतलंस व्हय?"

मी मान हलवली. होय म्हणून.

आता कारखान्यात येईल त्याला ते सांगतात, "आमच्या बी.ए.नं स्टेजवर माझं नाव घेतलं की!"

त्या दिवशी घरी जाताना आई रिक्षात एक शब्द बोलली नाही. तिला अजून चांगलं ऐकू येतं.