धाकटीची हाक

माझी धाकटी बहीण पॉप गायिका आहे, आणि हे मी कुणी विचारायच्या आधीच सांगते. पोलादपूरच्या एसटी स्टँडवर सांगते, बँकेच्या रांगेत सांगते. एकदा तर दातांच्या डॉक्टरांना तोंड उघडं असतानाच सांगायला गेले. महाडच्या रिक्षांत तिची गाणी वाजतात, कॉलेजच्या पोरी तिच्यासारखे आखूड केस कापतात, आणि तिचं बघून आता मुंबईचे गायकही आपापल्या गावच्या हाका गाण्यांत घालू लागलेत.

ही सगळी करामत एका हाकेची. आमच्या कुडपणच्या पठारावर म्हशींना बोलवायची प्रत्येक घराची हाक वेगळी. नाहीतर कुणाची म्हैस कुणाच्या गोठ्यात जाईल याचा नेम नाही. आमच्या घरची हाक धाकटीने दहाव्या वर्षी स्वतः बसवली; खालून सुरू होऊन वर चढणारी, मधेच गिरकी घेणारी. ती तिच्याशिवाय घरात कुणी देत नसे. बारावीनंतर ती मुंबईला मामाकडे गेली. तीन वर्षं हळदीच्या कार्यक्रमांत गायली. लोक जेवता जेवता ऐकायचे. मग एका गाण्याच्या ध्रुवपदात तिने तीच हाक घातली. गाणं लोकांनी असं उचललं की विचारू नका.

बाबांनी मात्र तिच्याशी बोलणंच टाकलं. "गुरांची हाक गुरांना. माणसांसमोर नाचून द्यायची वस्तू नाय ती," असं म्हणाले, आणि मी फोनवर तिचं गाणं लावलं की उठून गोठ्यात जायचे. मग तिनेही घरी येणं सोडलं. हट्टाला आमच्याकडे कधीच तोटा नव्हता.

यंदा गावाने शाळेच्या मैदानावर तिचा कार्यक्रम ठेवला. सहा वर्षांनी ती घरी आली, तर बाबा सकाळीच म्हशी घेऊन माळावर गेलेले.

"ताई, बाकी कुणी नाय आलं तरी चालेल गो," ती म्हणाली. "बाबा समोर बसलेले पाहिजेत."

मी हो म्हणून टाकलं. बाबांना आणायचं कसं, हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

दुपारी साउंडवाल्यांनी माईक तपासायला तिला गायला लावलं. तिने हाक दिली. भलेमोठे स्पीकर, सगळं पठार दुमदुमलं. थोड्या वेळाने धूळ उडाली आणि आमच्या पाचही म्हशी खुर्च्या पाडत मंचासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी हसून हसून खालीच बसले. म्हशींच्या मागून काठी घेतलेले बाबा, धापा टाकत.

"बंद करा रे ते!"

बहीण हसत नव्हती. ती खाली उतरून एकेक म्हैस निरखत होती, शिंगं बघत होती.

"बाबा, मी गेले तवाची यातली एकपण नाय," ती म्हणाली. "सगळ्या नंतरच्या हायत. यांना माझी हाक कोणी शिकवली?"

खुर्च्या उचलायला आलेली माणसं गालात हसली. गावाला माहीत होतं. आम्हा दोघींनाच नव्हतं. मी पोलादपूरला राहणारी, दरवेळी दुपारच्या एसटीने परतणारी, संध्याकाळी माळावर कधी थांबलेच नाही. मला इतका आनंद झाला की मी म्हशीच्याच गळ्यात पडले.

बाबांनी काठी बगलेत धरली आणि पडलेली एक खुर्ची सरळ केली.

"वरचा सूर माझा लागत नाय," ते म्हणाले. "तरी रोज देतो."