बिस्किटाच्या डब्यातल्या गोळ्या

उमरीजवळच्या वस्तीत, विहाराच्या मागे गुणाबाईचं घर. खुरपणीत तिचा हात कुणाला धरता यायचा नाही. आखाडात तिचं बीपी वाढलेलं निघालं आणि दवाखान्यातून तीन औषधांची मिळून एकच गोळी सुरू झाली. आशाताई पंचशीला दर महिन्याला येई, रिकामं पाकीट बघे आणि मगच नवं देई.

त्या गोळीने लघवी लई व्हायची. बारा बायांची टोळी, आडोशाला झाड नाही, घडीघडी जायचं तरी कुठं? आठवड्यातच गुणाबाईने गोळी सोडली. पुरुष डॉक्टरला हे सांगायची लाज आणि पंचशीलाला वरून बोलणी बसतील ही भीती. म्हणून रोज सकाळी एक गोळी पाकिटातून काढून ती बिस्किटाच्या डब्यात टाकी.

"शिका जरा मावशीकडून!" पंचशीला रिकामं पाकीट सगळ्या बायांना दाखवायची. गुणाबाई पदराने उगीच तोंड पुसायची.

दिवाळीनंतरच्या तपासणीत तिचं बीपी होतं तिथंच. बीपीच्याच गोळ्या घेणारी शेजारची महामाया म्हणाली, "एकबी दिवस न चुकवता घेऊन हिला फरक न्हाई, मग मी कशाला घशात घालू?" तिने आपल्या गोळ्या बंद केल्या. गुणाबाई समोरच होती. गप्प बसली.

माघात महामायेच्या छातीत कळ आली. नांदेडला न्यावं लागलं.

ती घरी आली त्या दिवशी पंचशीला तिला गोळ्या समजावत बसली होती. "हिला तरी कुठं फरक पडला?" महामाया दारात आलेल्या गुणाबाईकडे बघत म्हणाली.

गुणाबाईने पदराखालून आणलेला बिस्किटाचा डबा पुढे ठेवून झाकण काढलं. "मी घेतल्याच न्हाईत, माय."

"मावशी! सात महिने?"

"रानात आडोसा न्हाई, बाई. सांगू कुणाला?"

"मला सांगायचं ना! घरी आल्यावर घेतली तर चालंल का, एवढंच डॉक्टरला विचारलं असतं मी."

एवढंच होतं. ते एवढंच असणं गुणाबाईच्या काळजाला सगळ्यात जास्त लागलं.

महामाया डब्याकडे बघत राहिली. "मी मेले असते, तर मातीला आली असतीस का गं, गुणे?"

गुणाबाई डब्याला झाकण लावू लागली.

"आता रोज माझ्या दारात येऊन गिळायची. तोंड उघडून दाखवायचं."

डॉक्टरने गोळीसाठी संध्याकाळची वेळ दिली आहे. शेतातून आली की गुणाबाई आधी महामायेच्या दारात जाते. महामाया तांब्या पुढे करते, तिचं तोंड बघते, आपली गोळी घेते आणि एक शब्द न बोलता आत जाते.