बांबूवरचा ऊस

शिरूरच्या कॉलेजात मी दुसऱ्या वर्षाला होते. दौंडला पंधरा मिनिटांच्या नाटकांची स्पर्धा होती. मराठीच्या सरांनी वर्गात विचारलं, "कोण बसवणार?" मी हात वर केला. त्याआधी अकरावी-बारावीच्या गॅदरिंगला दोन वर्षं पडदा ओढला होता, एवढाच माझा अनुभव. हात वर गेल्यावर माझं मलाच नवल वाटलं.

विषय घरातलाच होता. आमच्या आईनं चाळिशी ओलांडल्यावर स्कूटी शिकायची ठरवली, कारण न्हावऱ्याच्या डेअरीवर दूध घालायला रोज कुणाची तरी वाट बघावी लागायची. आधी आप्पा हसले, मग रागावले आणि शेवटी गप्प बसले. हे सगळं मी दोन रात्रींत वहीत उतरवलं. पात्रं तीनच, आई, बाप आणि मुलगी. आईच्या कामाला कवठे येमाईची माझी मैत्रीण घेतली. तिच्या घरी आजोबांपर्यंत मेंढरं होती, आता शेती आहे. ती बोलायला लागली की समोरचा आपलं काम विसरायचा.

सर तालमीला आले. म्हणाले, "भाषा जरा शुद्ध करा. परीक्षक पुण्याचे असतात."

मैत्रिणीनं आईचं एक वाक्य शुद्ध करून म्हटलं, "मला गाडी शिकायची आहे." मग माझ्याकडं बघून मूळचं म्हटलं, "मला गाडी शिकायचीच हाय."

सरांनी हातातलं पेन खिशाला लावलं. मग म्हणाले, "हायच राहू द्या."

खरी अडचण स्कूटीची होती. खरी गाडी स्टेजवर आणायला परवानगी नव्हती. आम्ही कांद्याच्या क्रेटवर भंगारातलं एक हँडल बसवलं. नाटकातली आई त्यावर बसली की गाडीवर बसल्यासारखी दिसायची, पण ती जागची हलायची नाही. आणि नाटकाचा शेवट म्हणजे आई उसातल्या रस्त्यानं एकटी गाडी चालवते. मैत्रीण अंग हलवायची, तोंडानं आवाज काढायची. ते बघून आम्हालाच हसू यायचं. आठ दिवस मी जेवतानासुद्धा तोच विचार करत होते.

एका सकाळी कॉलेजला निघताना मी अंगणात स्कूटीवर बसून ओढणी बांधत होते. आई आणि आप्पा ठिबकच्या जुन्या नळ्या बांबूवर टाकून, दोघांच्या खांद्यावर बांबू घेऊन गोठ्याकडं चालले होते. काळ्या नळ्या जमिनीपर्यंत लोंबत होत्या. त्या माझ्या बाजूनं मागं गेल्या आणि मला वाटलं, माझीच गाडी पुढं निघाली. मी चक्क ब्रेक दाबला. स्टेशनात शेजारची गाडी हलल्यावर होतं, अगदी तसं.

"आप्पा, परत या! परत तसंच चाला."

"का गं, काय झालं?"

"तुम्ही चाला फक्त."

दोघं बिचारे चार वेळा अंगणातून फिरले. त्या दिवशी माझं पहिलं लेक्चर बुडालं.

नळ्या मिळाल्या. हिरव्या कापडाच्या पट्ट्या बांधल्यावर लांबून ऊसच वाटायचा. बांबूचं एक टोक मी धरणार होते, दुसरं बापाचं काम करणारा मित्र, कारण शेवटच्या प्रवेशात तो मोकळा होता. माझी आई एकदा तालीम बघायला आली. मैत्रीण ऐटीत क्रेटवर बसली, तशी आई म्हणाली, "पहिल्यांदा गाडीव अशी न्हाई बसत कुणी. दोन्ही पाय भुईला पायजेत, आन् नजर चाकाव." मैत्रिणीनं तसं केलं आणि तो प्रवेश एका क्षणात खरा झाला. मला जे आठवडाभर सांगता येत नव्हतं, ते आईनं दोन वाक्यांत सांगितलं होतं.

दौंडला एसटीनं गेलो. नळ्यांची वेटोळी बघून कंडक्टर म्हणाले, "मागच्या सीटखाली सारा. आन् पुढच्या वेळी शेतच घिऊन या."

हॉल रुळांपासून लांब नव्हता. आमचा नंबर पाचवा. शेवटच्या प्रवेशाला मी काळे कपडे घालून बांबू खांद्यावर घेतला. मला मैत्रिणीची पाठ तेवढी दिसत होती आणि नळ्यांच्या फटींतून लोकांचे चेहरे. ती पाय टेकवून बसली. आता ती "निघाले बरं का" म्हणणार, तेवढ्यात बाहेर मालगाडीचा भोंगा वाजला. एवढा मोठा, की पुढचं काही ऐकू येईना. नाटक आता गेलं, असंच वाटलं.

मैत्रिणीनं मान वळवून आवाजाच्या दिशेनं बघितलं. हाताचा पंजा वर करून गाडीला वाट दिली. डब्यांचा खडखडाट चालू होता तोवर ती तशीच थांबली, फाटकात थांबतात तशी. आवाज विरल्यावर म्हणाली, "गेली बाई. आता माझी." हे वाक्य वहीत नव्हतं.

हॉलमधले दौंडकर खदखदून हसले. त्या हशातच आम्ही बांबू घेऊन चालायला लागलो. ऊस मागं जाऊ लागला आणि लोक एकदम गप्प झाले. पहिल्या रांगेतली एक बाई खुर्चीत पुढं सरकली, तिचे दोन्ही हात हँडल धरल्यासारखे वर आले होते. मी नळ्यांच्या आडून ते बघितलं. मला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडायची सोय नव्हती. खांदा भरून आला तरी एक फेरी जास्तच घातली.

आम्हाला नेपथ्याचं पहिलं बक्षीस मिळालं आणि मैत्रिणीला अभिनयाचं. दिग्दर्शनात माझं नाव नव्हतं. परीक्षकांमधल्या एक बाई भेटून म्हणाल्या, "रेल्वेचा आवाज चांगला वापरलात. स्पीकर कुठं ठेवला होता?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, "बाहेर ठिवला हुता मॅडम, लांब."