लायटरचं खरं वय

देवानं माणसाला अग्नी दिला तो स्वयंपाकासाठी नव्हे. पुढेमागे फणसवाडीत आमचे शेजारी अण्णा जन्माला येतील आणि त्यांना जमवायला लायटर लागतील, एवढी दूरदृष्टी ठेवून दिला. अण्णा स्वतः विडीला शिवत नसत. दुसऱ्यानं ओढली तरी असे खोकत की अख्ख्या चाळीला वाटे, आता गेले. पण खिशातला, पेट्रोल भरायचा जुना लायटर दिसला की गृहस्थ विरघळलाच! तांदळाच्या डब्यात लायटर, देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या पाठीमागे लायटर. चाकाचे दात, वातीचं भोक, तळाचा स्क्रू एवढं बघून ते लायटरची जन्मवेळ सांगत. नुसता नाकाशी धरला तरी मालकाची जात सोडून बाकी सगळं ओळखत, आणि जातीत त्यांना रस नव्हता.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. सारी चौपाटी मुठी आवळून घोषणा देत असे आणि अण्णा व्यासपीठाकडे पाठ करून उभे, कोण कशानं विडी पेटवतो ते बघत. वक्ता गरजला, "हा वणवा आता विझायचा नाही!" अण्णा शेजारच्याला म्हणाले, "विझेल हो, टोपण लावा. वात वाळतेय तुमची." एकदा लाठीमारात सगळे पुढे पळाले आणि हे मागे, कोणाचा तरी पडलेला लायटर उचलायला. पाठीवर दोन खाल्ल्या, मालकाला शोधून काढला आणि कण्हत म्हणाले, "जपा, लढाईच्या आधीचा आहे."

फक्त एक खोड होती. लायटरच्या वयाबद्दल खोटं बोलणं त्यांना जमतच नसे. सासऱ्यांनी दिवाळसणाला 'फार जुना, विलायती' म्हणून दिलेला लायटर त्यांनी भर पंगतीत उलटा करून "कालपरवाचा दिसतो," असं जाहीर केलं. त्यानंतर सासुरवाडीनं दिवाळीच बंद केली, असं वहिनी सांगत.

म्हणून त्यांच्या थोरलीला बघायला दादरची मंडळी आली, तेव्हा वहिनींनी अण्णांना आधीच बजावून ठेवलं होतं. मुलगा-मुलगी एकाच मोर्चात घोषणा देता देता एकमेकांना आवडलेली. फक्त थोरांचा होकार राहिला होता, आणि मध्यस्थ मी. पोहे झाले. मुलाच्या वडिलांनी सिगारेट काढली आणि डाव्या अंगठ्यानं खटकन लायटर पेटवला.

"आमच्या वडिलांचा," ते म्हणाले. "पहिल्या लढाईत मेसोपोटेमियाहून आणलेला. मी मॅट्रिक व्हायच्या आत गेले बिचारे. तुम्ही यातले दर्दी म्हणे! सांगा बघू, केव्हाचा?"

वहिनींनी दाराआडून असे डोळे वटारले की लायटर पेट्रोलाशिवाय पेटावा. अण्णांनी तळाचा स्क्रू पाहिला, चाक पाहिलं, आणि पुन्हा तळाचा स्क्रू पाहिला. मी मनात म्हटलं, मोडलं लग्न!

"साल राहू द्या हो," अण्णा म्हणाले. "हा ज्याच्या हातात होता तो डावखुरा. ह्या बाजूचा मुलामा बघा, अंगठ्यानं झिजलाय. आणि माणूस जपणारा. कुठं ओरखडा नाही."

गृहस्थ उभेच राहिले. "वडील! डावखुरेच होते हो ते! मीही त्यांच्यावरच गेलोय." मग बराच वेळ ते रुमालानं चष्मा पुसत होते. लग्न तिथंच ठरलं.

लाडू पचल्यावर मी अण्णांना गाठलं.

"आता खरं सांगा. पहिल्या लढाईतला?"

"दुसऱ्या."

"म्हणजे त्यांचे वडील जाऊन किती वर्षं..."

"बरीच."

"मग ती अंगठ्याची झीज?"

"त्यांची स्वतःचीच."

"अण्णा, अहो, थाप मारली तुमच्या व्याह्यांनी!"

अण्णा फडक्यानं एक चाक पुसत राहिले. "वडिलांचं घरात काहीच उरलं नसेल रे," एवढंच म्हणाले.

पुढं व्याही गेले. जावई तो लायटर घेऊन आला. "आजोबांचा आहे, तुमच्याकडेच शोभेल," म्हणाला. आयुष्यभर लायटरपायी लोकांच्या खिशात डोळे घालणाऱ्या ह्या माणसानं तो दोन्ही हातांत घेतला, पुसला आणि जावयाला परत दिला. "मुलाला द्या. पणजोबांचा म्हणून सांगा."

तो मुलगा आता मिशीवाला झालाय. परवा मला दाखवून म्हणाला, "आजोबा, मेसोपोटेमियाचा!"

"असणारच रे," मी म्हणालो. अण्णा गेल्यापासून त्याचं खरं वय ठाऊक असलेला मी एकटाच उरलोय.