पेठेपुढचं शून्य

चौऱ्याहत्तर सालातला एक रविवार. कट्ट्यावर मी, शेजारी आणि मोडनिंबहून आलेले त्यांचे सासरे, असे तिघे होतो. पैज एका चहाची.

शेजाऱ्यांना बागा पावलांनी मोजायची सवय. सोलापुरातल्या पेठापेठांतल्या बागा त्यांच्या वहीत होत्या. आमच्या पेठेपुढे मात्र शून्य.

सासरे म्हणाले, "जावईबापू, आमच्याकडं देवळाम्होरं बसाया लई जागा हाय की! तुमच्या पेठेत बाग दावा, चहा माझा."

शेजारी उठले. स्वतःच्या अंगणाचं कुंपण त्यांनी उपटलं आणि वहीत लिहिलं, 'सार्वजनिक बाग, बारा पावलं.' मी मोजली, तर अकराच भरली. एरवी त्यांचा चुकलेला आकडा मी खोडायचो, या वेळी बाराच राहू दिले.

तासाभरात तिथं नऊ माणसं येऊन बसली. सासरे हरले. चहा मात्र त्यांच्या लेकीला करावा लागला, बागेतल्या मंडळींसाठी, नऊ कप.