कमळाकरचं परदेशी पिस्तूल

धसईच्या बाजूला कोळशाच्या भट्ट्या लावणारे ठेकेदार चार होते, पण पिस्तुलाचा परवाना एकट्या कमळाकर विश्याला मिळाला. साल साठ. जंगलात मुक्काम पडतो, जनावरांची भीती असते, असं अर्जात लिहिलं होतं. खरं कारण सगळ्या आळीला ठाऊक होतं. कमळाकर अंगानं किरकोळ, आवाजही बारीक. भट्टीवर उभा राहून तो "लाकूड असं नका रे रचू" म्हणाला, की कातकरी बाया तोंडाला पदर लावून हसायच्या आणि नवसूकडे बघायच्या. नवसू मुकणे त्यांचा मुकादम. त्यानं नुसती मान हलवली की लाकूड हवं तसं रचलं जायचं. त्या नजरा आपल्याकडे वळाव्यात, एवढ्यासाठी कमळाकरला कमरेला काहीतरी हवं होतं.

मुंबईच्या दुकानात म्हाताऱ्या दुकानदारानं आधी त्याच्या हातात एक जुनं, जड रिव्हॉल्वर ठेवलं. मुठीचं लाकूड झिजून गुळगुळीत झालेलं.

"पहिलंच हत्यार ना? मग हे न्या," तो म्हणाला. "परवान्यावर वर्षाला पंचवीस काडतुसं मिळतील, ती सगळी वाजवून संपवा. ह्याची काडतुसं मिळतात तरी. त्या दुसऱ्याची बाहेरून येतात, ती कधी येतील ते देवाला माहीत."

ते दुसरं म्हणजे बेल्जियमचं पिस्तूल. काळंभोर, सडपातळ, मखमलीच्या पेटीत निजलेलं. दुकानदाराचं सगळं बोलणं कमळाकरनं अदबीनं ऐकून घेतलं आणि पेटी उचलली.

"अहो, दोन बैलजोड्या आल्या असत्या एवढ्यात," घरी त्याची बायको सुंदरा म्हणाली. "नाहीतर विहीर तरी बांधून झाली असती."

"विहीर कमरेला लावता येते का?" कमळाकर म्हणाला.

तीन वर्षांत त्यानं सहा गोळ्या झाडल्या. पहिली आंब्याच्या बुंध्यावर, दहा पावलांवरून. बुंधा तिघांच्या कवेत न मावणारा, तरी गोळी कुठे गेली ते आंब्यालाही कळलं नाही. त्या दिवसापासून तो म्हणायला लागला की काडतूस वाया घालवणं बरं नव्हे, मिळत नाहीत हल्ली. नेम चुकल्याची लाज काडतुसांच्या टंचाईखाली छान झाकली गेली. पिस्तूल पेटीत राहिलं. वर्षातून एकदा, दसऱ्याला, ते पाटावर यायचं. सुंदरा त्याला गंध लावायची, कुंकू वाहायची, अक्षता टाकायची, आणि कमळाकर ते रेशमी फडक्यात गुंडाळून परत ठेवायचा. पुसायचा नाही. पूजेचं कुंकू कोण पुसतं?

त्रेसष्ट साली दसऱ्यानंतर आठ दिवसांनी गावात पिसाळलेलं कुत्रं शिरलं. सकाळच्या पारी त्यानं एक वासरू आणि दोन शेळ्या फाडल्या आणि लाळ गाळत ओहोळाकडे गेलं. दोन दिवस शाळा बंद, पाणवठ्यावर बायका हातात दांडकी घेऊन. तिसऱ्या दिवशी शेजारच्या ताराबाई विश्यांच्या ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"कमळाकर, तुजं ते पिस्तूल दसऱ्यापुरतंच हाय का रे?"

त्याला उठावं लागलं. बरोबर यायला नवसू तयार झाला, हातात कोयता घेऊन.

कुत्रं ओहोळाच्या काठी खळ्याजवळ बसलेलं होतं. मान वाकडी, जबडा लोंबता. वीस पावलांवर कमळाकर थांबला. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. गोळी सुटली. कुत्र्यापासून चार हात लांब धूळ उडाली. कुत्रं उठलं आणि सरळ धावत आलं. कमळाकरनं पुन्हा चाप ओढला. काहीच झालं नाही. पिस्तुलाचा वरचा भाग मागे सरकला होता तो पुढे आलाच नव्हता, अर्ध्यावर अडकून बसला होता. तो चाप ओढत राहिला, तोंडानं "अरे, अरे" म्हणत राहिला. नवसूनं त्याला खांद्यानं ढकललं, डावा हात कुत्र्याच्या तोंडापुढे धरला आणि उजव्या हातानं कोयता घातला.

कुत्रं तिथंच आडवं झालं. कमळाकर शेतात खालीच बसला होता. नवसूनं त्याच्या हातातलं पिस्तूल घेतलं, उजेडात धरलं, आणि फटीतून नखानं काहीतरी उकरून काढलं.

"शेट, तांदूळ हाय."

कुंकवानं लाल झालेला अक्षतेचा दाणा.

"तुझा हात बघू," कमळाकर म्हणाला.

"काय नाय. नख लागलंय." नवसूनं मुंडाशाची चिंधी गुंडाळली. पण कमळाकरनं पाहिलं होतं. मनगटाच्या वर दोन भोकं होती, खोल, आणि ती नखाची नव्हती.

"नवसू, दात लागलेत."

"हळू बोला. मागं वाडीतल्या सावळीच्या नवऱ्याला असंच चावलं तर पिसाळंल म्हनून लोकांनी त्याला गोठ्यात बांधून घातला. मला बांधलं तर भट्टी कोण लावंल?"

तेवढ्यात लोक आले. बार त्यांनी ऐकला होता, कुत्रं मेलेलं दिसत होतं. शेटनी गोळी घातली आणि नवसूनं कोयत्यानं शेवट केला, असं ज्यानं त्यानं आपापलं ठरवून टाकलं. कमळाकरला खोटं बोलावं लागलंच नाही. त्यानं फक्त तोंड उघडलं नाही. कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. भट्टीवरच्या बाया पहिल्यांदाच त्याच्याकडे बघत होत्या, आणि हसत नव्हत्या. उद्या सकाळी चावडीपुढे शेटना हार-नारळ द्यायचा, असं ठरलं.

सकाळी तो धुवट टोपी घालून निघाला, तर मागल्या दाराशी नवसूची बायको ठमी सुंदराकडे हळद मागत होती.

"हात सुजलाय गो, वैनी. नख लागलं म्हनतात. शेट तिथंच होतं, त्यांना जरा इचार. नखच ना?"

सुंदरानं वळून नवऱ्याकडे पाहिलं. कमळाकरनं टोपी सारखी केली.

"नखच," तो म्हणाला, आणि चालू लागला.

घरापासून चावडी शंभर पावलं. तेवढ्यात त्यानं काय काय मनात आणलं ते त्याचं त्याला माहीत, पण ही शंभर पावलं तो फार सावकाश चालला हे आळीनं पाहिलं. चावडीपुढे घोंगडी अंथरली होती. झेंडूचा हार तयार होता. गुरुजी बोलायला उभे राहिले, "आपल्या गावाचं भूषण..." आणि हार वर उचलला गेला.

"थांबा," कमळाकर म्हणाला. आवाज नेहमीसारखाच बारीक निघाला. "माझी गोळी लागली नाही. दुसरी सुटलीच नाही. कुत्रं नवसूनं मारलं. माझ्यापुढे तो आला, म्हणून ते त्याला चावलंय. दात लागलेत, मी पाहिलेत. त्याला कोणी हात लावायचा नाही, बांधायचं नाही. मी त्याला मुरबाडला दवाखान्यात नेतोय."

ताराबाईंनी वर धरलेल्या हाराकडे बोट केलं.

"मंग ह्यो हार कुनाच्या गल्यात घालायचा?"

लोक हसले. कमळाकर हसण्यातूनच वाट काढत कातकरवाडीकडे गेला. घोंगडीवर राहिलेला हार एका शेळीनं खाल्ला, आणि पुढे कित्येक दिवस आळीत त्या शेळीचाच सत्कार झाला असं सांगितलं जाई.

वाडीत ठमी दारात उभी होती. बातमी त्याच्या आधी पोचली होती. ती एवढंच म्हणाली, "सकाळी खोटं का बोललात?" नवसूला घेऊन तो एसटीत बसला. आजूबाजूची बाकं रिकामी झाली, तसा तो नवसूला चिकटून बसला.

मुरबाडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "दात की नख?"

"दात," कमळाकर म्हणाला. "मी समोर होतो."

पोटात चौदा सुया, रोज एक. चौदा दिवस दोघं एसटीनं गेले आणि आले. नवव्या दिवशी, पोट धरून बसलेल्या नवसूला कमळाकरनं विचारलं, "ते जुनं रिव्हॉल्वर घेतलं असतं तर लागली असती का रे गोळी?"

नवसू खिडकीबाहेर पाहतच म्हणाला,

"पयल्या दिवशी नसती लागली. पन ते तुमी वाजवत राह्यला असता, शेट. म्हागाचं म्हनून ह्याला हातच लावला नाय. मी गलोल पोरपनात रोज मारली, तवा कुठं पाखरू पडलं. आन माजी गलोल बांबूची."

"म्हणजे पिस्तूल वाईट नाही."

"पिस्तूल लय झ्याक हाय. ज्याला येतं त्याच्यासाठी."

परवान्यावर नोंद बदलून घेऊन कमळाकरनं मखमलीची पेटी मुंबईला परत नेली आणि ते झिजलेल्या मुठीचं जड रिव्हॉल्वर आणलं. त्या वर्षाची काडतुसं कमळाकरनं होळीच्या आतच संपवली. ओहोळाच्या दरडीवर मडकी मांडून, नवसू मागे उकिडवा बसलेला. पंचविसांतली सतरा मातीत गेली. लोक बघायला यायचे, तो झाकत नव्हता.

पण त्या हिवाळ्यात त्याच्या जिवाला घोर मडक्यांचा नव्हता. सुया घेऊनही एखाद्याच्या अंगात ते विष दोन-तीन महिन्यांनी उठतं, पाणी बघितलं की माणूस ओरडतो, असं त्यानं ऐकलं होतं. रोज उजाडलं की तो कातकरवाडीत जायचा. काही कामाचं निमित्त काढायचा, आणि ठमीला म्हणायचा, "जरा पाणी दे गो, नवसूलाही दे." नवसू तांब्या तोंडाला लावायचा. त्याच्या गळ्याची घाटी खाली-वर होईपर्यंत कमळाकर स्वतःचं पाणी प्यायचा नाही. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, पौष गेला. नवसूला सगळं कळत होतं. ठमीलाही कळत होतं, आणि ती तांब्या काठोकाठ भरून आणायची.

माघात एका सकाळी नवसूनं तांब्या रिकामा केला, पालथा करून दाखवला आणि खाली ठेवला.

"शेट, चार महिने तुमी मला बैलासारखं पानी पाजताय. आता एक दिस चा पाजा."

कमळाकरला हसू यायला हवं होतं. तो तिथंच भिंतीला टेकून बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून रडला. ठमीनं पोरांना बाहेर पिटाळलं आणि चुलीवर आधण ठेवलं.